गोड पाण्याचं गाव

कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की माझा उजवा हात अजून कोटाच्या खिशाकडे जातो. कोट आता अंगात नसतो, खुंटीवर असतो, आणि त्याचा तो खिसा उंदरांनी केव्हाच खाल्ला. तरी हात जातो. आज सकाळी कळसाडीच्या आमच्या ओट्यावर बसलो होतो. यंदाची पहिली गाडी समोरून गेली, शिगोशीग भरलेली. बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकवत गेली. माझा हात कमरेशी गेला, रिकाम्या सदऱ्यावर फिरला आणि परत मांडीवर आला. शेजारी तूर निवडत बसलेल्या सुभद्रेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते पाहिलं. तिनं पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला दर वर्षी याच दिवशी वाटतं.

त्या खिशात तुरीच्या डाळीची पुरचुंडी असायची. मूठभर डाळ, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली.

मी तेव्हा सुरतेच्या एका शेठचा फिरता माणूस होतो. दिवाळी झाली की नंदुरबारचं घर सोडायचं आणि फाल्गुनापर्यंत कापूस पाहत हिंडायचं. बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढायचा, धाग्याची लांबी बघायची, ओल आहे का ते मुठीत दाबून ओळखायचं, सौदा ठरवायचा, शेठला पत्र टाकायचं आणि पुढचं गाव गाठायचं. कधी आगगाडी, कधी बैलगाडी, कधी कुणाचं तरी अडेलतट्टू घोडं. वर्षातले चार-पाच महिने मी दुसऱ्यांच्या अंथरुणावर काढले. कुठल्या गावच्या वाकळेत ढेकूण आहेत आणि कुठल्या गावचे कुत्रे नुसतेच भुंकतात, हे मला तोंडपाठ होतं.

पहिल्याच वर्षी मी पोट बिघडवून घेऊन घरी आलो, तेव्हा सुभद्रेनं ही पुरचुंडीची युक्ती काढली. "जठे दाय शिजस तठेच पोटभर जेवा," ती म्हणाली. दाय म्हणजे डाळ. पाणी हलकं असेल तर डाळ लवकर शिजते. जड असेल तर चुलीवर दुपार झाली तरी दाणा दाताखाली टणकच लागतो. त्यामुळे गावात उतरलो की आधी तीन दगड मांडायचे, पितळी पातेलीत त्या गावचं पाणी घ्यायचं आणि मूठभर डाळ टाकायची. यजमानांच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. पुढे पुढे मी वेशीत दिसलो की पोरंसोरं ओरडत, "दायवाला उना!" मी कापसाचा पारखी, पण सगळ्या मुलखात माझं नाव झालं ते डाळीवरून. घरी परतलो की सुभद्रा चपला काढायच्या आधीच विचारायची, "दाय शिजनी का?" मग मी एकेका गावाचं सांगायचो. ती चुलीपुढे बसून ऐकायची. तिनं यातलं एकही गाव पाहिलेलं नव्हतं, पण कुठे किती लाकडं जळली हे तिला ठाऊक असायचं.

तळोद्याकडे पाणी बरं होतं, पण उतरायला मिळायची ती वखार. सकाळी उठलं की केसांत सरकी. प्रकाशा गावी तापीचं पाणी, डाळ ठीक शिजायची. पण पलीकडे जायचं तर नावेची वाट बघण्यातच दिवस सरायचा. आमच्या नंदुरबारला डॉक्टर होता, शाळा होती, बाजार होता आणि उन्हाळ्यात डोळ्यांत जायला भरपूर धूळ होती. कळसाडीला माणसं फार चांगली. मी उतरायचो त्या घरची पाटलीणबाई मला जबरदस्तीनं दुधाचा पेला पाजायची आणि निघताना गाडीत शेंगांची पिशवी टाकायची. पण पाणी असं जड की डाळीनं मला तिथे दर वेळी तोंडघशी पाडलं. आणि खांडबारा! तिथे डाळ चुलीवर ठेवून मी विडी पेटवली, ती संपली, दुसरी अर्धी झाली, तोवर डाळ मेणासारखी मऊ. पहिल्यांदा तर मला खरंच वाटेना. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवून पाहिली.

खांडबाऱ्याचं सगळंच मला आवडून गेलं होतं. मागे डोंगर, सागाची झाडं, थंडीतली स्वच्छ हवा, कापणी झालेली भाताची खाचरं, आणि गाडी थांबायला स्टेशन. नंदुरबारच्या धुळीतून आलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? बाजारपेठेत जेठमलशेठचं दुकान होतं. मूळचा मारवाडातला, पण बोलायचा आमच्यासारखी अहिराणी. दिवाळीनंतरच्या लाभपंचमीला त्याचं दुकान उघडायचं आणि त्याच सुमाराला मी पोचायचो. दाराला ताजं तोरण, आत नव्या गुळाचा वास, शेठाणीच्या हातचे तुपाळ लाडू. जेठमलशेठ माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठा. मला 'भाऊ' म्हणायचा आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. मी आजारी असताना त्यानं माझे पाय चेपलेले आहेत. हे मी आज मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे लिहायचं आहे ते लिहिताना हे विसरायला फार सोपं जातं.

एका वर्षी सुरतेच्या शेठनं ठरवलं की या भागात कायमची वखार घालायची. मला पत्र आलं: तू सगळा मुलूख पायाखाली घातला आहेस, राहण्याजोगं गाव तूच सांग, कारण बायकोला घेऊन तिथे राहायचं आहे ते तुलाच. त्या पत्रानं मी चार बोटं उंच झालो. मी सुभद्रेला विचारलं नाही. मी तिला सांगितलं. डाळीचा निकाल तर तिला माहीतच होता.

ती इतकंच म्हणाली, "कयसाडीनी पाटलीणबाई चांगली शे ना?"

"माणसं चांगली असून काय उपयोग? पाणी बघावं लागतं," मी म्हणालो.

आता बसल्या बसल्या या वाक्याचा मला इतका राग येतो की ते बोलणारा माणूस समोर असता तर त्याच्या थोबाडीत दिली असती.

अक्षय्य तृतीयेच्या आसपास आम्ही सामान घेऊन खांडबाऱ्याला उतरलो. स्टेशनवरून गाडी हाकायला नेहमीचा पोसल्या होता. पोसल्या जवळच्या पाड्यावरचा कोकणी आदिवासी. दर हंगामात त्यानं मला स्टेशनवरून नेलं-आणलं होतं. घरी आपली बोली बोलायचा, माझ्याशी मोडकी अहिराणी. त्यानं सुभद्रेकडे पाहिलं, ट्रंकांकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. मग बैलांच्या शेपट्या पिळून निघाला. एरवी वाटभर बडबडणारा पोसल्या त्या दिवशी गप्प होता. मला वाटलं, ओझं जास्त झालं म्हणून चिडला असेल.

जेठमलशेठनं घर आधीच झाडून, सारवून ठेवलं होतं. शेठाणीनं लोणच्याची बरणी दिली. सुभद्रा सगळीकडे फिरून आली, विहिरीत डोकावली, मागच्या खाचरांकडे बघत उभी राहिली आणि मग जेठमलशेठला म्हणाली, "भाऊ, चौमासामा कसं ऱ्हास अठे?"

"पानी गोड शे, बहीन," जेठमलशेठ म्हणाला. "असं पानी तुले कोठेच भेटाव नही."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "मी चौमासानं इचारं. त्यानी पानीनं सांगं."

मी हसलो. बायकांना सरळ उत्तरातही गाठी दिसतात, असं काहीतरी म्हणालो. शहाणपणाचं बोललो असंच तेव्हा वाटलं होतं.

पावसाळा सुंदर गेला, हे कबूल केलं पाहिजे. डोंगरावरून धुकं उतरायचं, छपरावर दुधी भोपळ्याचा वेल चढला, सुभद्रेनं दारात झेंडू लावले. श्रावणात राखी झाली आणि एके सकाळी पाहतो तो जेठमलशेठच्या दारात ट्रंका रचलेल्या. पर्युषणासाठी मारवाडला निघालो, तो म्हणाला. दरवर्षीचंच आहे. लाभपंचमीला भेटू. शेठाणी आमच्याकडे निरोप घ्यायला आली. तिनं सुभद्रेचा हात हातात घेतला आणि सोडेचना.

"तू बी आते माहेर जाय, बाई," ती म्हणाली. "दिवायी करीसन ये."

सुभद्रेनं हेही मला सांगितलं. शेठाणीशिवाय तुला इथे करमणार नाही म्हणून म्हणाली असेल, असा मी अर्थ काढला. बाहेरून जेठमलशेठ तिला हाका मारत होता, जरा जास्तच मोठ्यानं.

मग भादवा लागला. एकेक दुकानाला कुलूप दिसू लागलं. कुणी माहेरी, कुणी लग्नाला, कुणी नवस फेडायला. पोस्टातला बाबू बायकामुलांना नवापूरच्या गाडीत बसवून आला. बाजाराच्या दिवशी मी पेठेतून चालत गेलो तर भर सकाळी माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. मी सात वर्षं या गावात येत होतो आणि या महिन्यांत एकदाही आलेलो नव्हतो. कापूस नसताना फिरता माणूस येईल कशाला? मी ज्याला गाव समजत होतो तो त्या गावाचा फक्त हिवाळा होता. उतरण्याजोगं गाव आणि राहण्याजोगं गाव यांत किती अंतर असतं, हे मला एका महिन्यात कळलं.

ताप भर दुपारी यायचा. उन्हात अंगणातले दगड तापलेले आणि सुभद्रा तीन गोधड्यांखाली दात वाजवत पडलेली. बाजेच्या दोऱ्या करकरायच्या इतकी ती थरथरायची. दोन तासांनी अंग भाजणारं गरम, मग घामाच्या धारा, मग एक दिवस बरा, की परत तेच. मलाही आला, पण माझा आठवड्यात आटोपला. तिचा हटेना. पोस्टात क्विनाइनच्या पुड्या मिळायच्या. मी आणायचो, गुळात घालून द्यायचो. त्या गोड पाण्याबरोबर ती ते कडू विष गिळायची आणि एकदाही तोंड वाकडं करायची नाही. दुसऱ्यापुढे रडायचं नाही ही तिची जुनी सवय. तिनं रडायला हवं होतं, मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मला ते सोसलं असतं.

एका दुपारी घाम फुटून ताप उतरला तेव्हा ती म्हणाली, "मन्हा कानमा जीन चालू शे."

जिनिंगच्या यंत्रांचा तो घरघराट आम्हां नंदुरबारकरांच्या ओळखीचा. मी हसून म्हणालो, "मग कापूस आणू का?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय?" मी पुन्हा बोललो. तिनं पुन्हा विचारलं, "काय?"

दुसऱ्या दिवशी पोसल्यानं गाडी जुंपली. नंदुरबारच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. स्टेशनच्या वाटेवर मी त्याच्यावर उखडलो. सात वर्षं मला नेतोस-आणतोस, एवढं मोठं जनावरांनासुद्धा कळणारं दुखणं, आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस? पोसल्यानं बैल थांबवले. त्याचा पाडा उंचावर होता, पाण्यापासून लांब. भाताच्या खाचरांशेजारी घर बांधायला त्याच्यातला कुणी तयार झाला नसता. ते मी रोज पाहत होतो आणि मला वाटायचं, यांना गावात राहायला आवडत नाही.

"तू माले कधी इचारं का?" तो म्हणाला. "तू शेटले इचारं."

मग बैलांकडे बघतच म्हणाला, "शेटनी आंडेर अठेच गयी. ह्याच तापमा."

जेठमलशेठची मुलगी. मला तो सगळं सांगायचा. मारवाडातलं घर, भावांची भांडणं, गुडघेदुखी. मुलीचं सांगितलं नव्हतं. तिचं सांगितलं असतं तर तापाचं सांगावं लागलं असतं. त्या गाडीत सुभद्रेचं डोकं मांडीवर घेऊन बसलो असताना मला तिच्यापेक्षा जेठमलशेठचाच विचार जास्त छळत होता, हे सांगताना लाज वाटते. पण फसवलं गेल्याचं दुःख असंच स्वार्थी असतं. ते शेजारी पडलेल्या माणसाकडे बघू देत नाही.

ताप गेला. कान गेले. डॉक्टर म्हणाला, ताप आणि क्विनाइन यांनी असं होतं, काहींचे परत येतात. तिचे आले नाहीत.

लाभपंचमीला जेठमलशेठनं तोरण बांधलं. माझं तोंड बघूनच त्याला कळलं असावं; तो गादीवरून उठून उभा राहिला. मी काय काय बोललो ते आठवत नाही. बरंच बोललो. त्याची मुलगी मध्ये आणली, ते आणायला नको होतं. तो ऐकत राहिला. शेवटी अगदी हळू म्हणाला, "सांगतू तर तू येता का, भाऊ?"

'मला गावात वखार हवी होती, गिऱ्हाईक हवं होतं,' असं तो म्हणाला असता तर मी त्याच्या तोंडावर थुंकलो असतो आणि मोकळा झालो असतो. पण त्याच्या आवाजात दुसरंच काहीतरी होतं, आणि ते समजून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी त्याच्या दुकानात परत पाय टाकला नाही. रस्त्यात समोरून आला तर मी बाजूला व्हायचो.

आम्ही तिथून निघून गेलो असू असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही गेलो. वखार हंगामात उत्तम चालली, सुरतेचा शेठ खूश होता, आणि दुसरं काम माझ्या हातात नव्हतं. राखी झाली की आम्ही कुलूप लावून नंदुरबारला जायचो आणि दिवाळी करून परतायचो. सगळ्यांसारखेच. सुभद्रा आता तोंड बघून बोलणं ओळखायला शिकली होती. माझं तर तिला नुसत्या भुवयांवरून कळायचं. पण 'दाय शिजनी का' हे तिनं विचारणं बंद झालं. संध्याकाळी घरात दोन माणसं असूनही शब्द नसायचा. मी दारात बसून स्टेशनकडे बघायचो, कुणी बोलणारं उतरेल म्हणून.

आणि एका मार्गशीर्षात खरंच उतरलं. शाळेवर बदली होऊन आलेला देशावरचा एक तरुण मास्तर आणि त्याची नवी नवरी. मास्तर हसरा, गप्पिष्ट; चहा घेता घेता त्यानं दहा गोष्टी विचारल्या आणि माझ्या दहांची उत्तरं दिली. कितीतरी दिवसांनी माझ्या घरात कुणीतरी माझं बोलणं ऐकत होतं. शेजारचं घर रिकामं होतं. मी मनातल्या मनात त्यांच्या दारात तुळससुद्धा लावून टाकली. जाता जाता त्यानं विचारलं, "गाव कसं आहे हो राहायला? पावसाळ्यात काही त्रास नाही ना?"

मी म्हणालो, "पाणी फार गोड आहे इथलं."

खरं सांगतो, मी ठरवून बोललो नाही. ते वाक्य तयारच होतं. आणि ते तोंडातून गेल्याबरोबर मला जेठमलशेठच्या आवाजातलं ते दुसरं काहीतरी कळलं. त्याला शेजार हवा होता. मुलगी गेलेल्या गावात कुणीतरी 'भाऊ' म्हणायला हवा होता. एवढं कळून मी काय करावं? मास्तरला हाक मारून परत बोलवावं. मी हाक मारली नाही. मी त्यांना दारापर्यंत पोचवायला निघालो, हसत हसत.

तेवढ्यात आतून सुभद्रा आली. तिनं त्या नवरीचा हात धरला, शेठाणीनं तिचा धरला होता तसाच, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्यानं म्हणाली, "बाई, राखी झायी का माहेर निंघी जाय. दिवायी करीसन ये. अठे ताप शे. मन्हा कान त्यामाच गयात." नवरीला भाषा पुरती कळली नसेल, पण कान कळले. मास्तरनं माझ्याकडे पाहिलं. मी झेंडूंकडे पाहिलं.

ते गेल्यावर मी तिला खुणेनं विचारलं, तुला कसं कळलं मी काय बोललो ते? तू तर चुलीपाशी होतीस, पाठ होती माझी तुझ्याकडे.

"निंघताना तुम्ही वळनात ना," ती म्हणाली. "तुम्हनं तोंड देखं आनं माले समजनं. जेठमलशेटनं तोंड बी त्या दिवशी असंच व्हतं."

पुढच्या वर्षी मी सुरतेला शेठला पत्र लिहून वखारीचं काम सोडलं. आम्ही कळसाडीला आलो. पाटलीणबाईंनी रस्त्याकडच्या दोन खोल्या दिल्या, त्या आजतागायत आमच्याच आहेत. पाणी अजून तसंच जड आहे. पण गेली कित्येक वर्षं मी रोज मऊ वरण खातो आहे. सुभद्रा आदल्या दिवशी डाळ भिजत घालते, चुलीवर ठेवताना चिमूटभर पापडखार टाकते, संपलं. जड पाण्यावर एवढासा तोडगा. तो तिच्या आईला माहीत होता, तिला लहानपणापासून माहीत होता. मग इतकी वर्षं मला का सांगितला नाहीस, असं मी एकदा तिला विचारलं. ती नुसती हसली. उत्तर मला पोसल्यानं स्टेशनच्या वाटेवर आधीच दिलेलं होतं.

आता गाडीमागून दुसरी गाडी येते आहे. सुभद्रेची तूर निवडून झाली. तिनं सूप आपटलं, खडे अंगणात टाकले आणि माझ्याकडे पाहिलं. तिला विचारावंसं वाटतं, त्या पहिल्या दिवशी विहिरीत डोकावून, खाचरांकडे बघत उभी राहिलीस, तेव्हा तुला काय दिसलं होतं? पण तिला काही विचारायचं तर तिच्यासमोर बसून, तोंड तिच्याकडे करून विचारावं लागतं. ती ते नीट बघते. म्हणून मी रस्त्याकडेच तोंड करून बसतो, आणि कापूस यंदा बरा दिसतो आहे, असं स्वतःशीच म्हणतो.